दोन ठोके

फिटरने पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवला, पाय मातीत रोवले आणि सगळं अंग टाकून ओढलं. रोटाव्हेटर ढिम्म हलला नाही. हललं ते फक्त त्याच्या कमरेतलं काहीतरी, आणि कमरेने त्याची लगेच जाणीवही करून दिली.

दुपारचं ऊन पत्र्याच्या शेडमध्ये अर्ध्यापर्यंत आलं होतं. ट्रॅक्टरपासून सोडवलेलं ते माती भुसभुशीत करायचं अवजार लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं. पुढे पाना लावलेला गिअरबॉक्स, मागे पात्यांचा आडवा रूळ, आणि रुळावर लोखंडी झाकण. अकरा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. या महिन्यात मात्र तीन मेकॅनिक येऊन गेले. तिघांनीही हात टेकले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. शेवटी वहिनीने दिराला निरोप धाडला होता, “पोरीने शेत हातात घेतलंय. पेरणीच्या आत हे फिरलं पाहिजे. तुम्हीच या.”

न येण्यासारखं कारण त्याला सुचलं नाही. खरं कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

परवा येऊन त्याने सांध्यासांध्यांत डिझेल सोडलं होतं. आज सकाळपासून बेअरिंगच्या कडा बर्नरने तापवल्या, गार होऊ दिल्या, हातोडीने हलके हलके ठोकल्या आणि पुन्हा तापवल्या. गंज दांडगाईला दाद देत नाही, त्याची मनधरणीच करावी लागते. हे त्याला दादाने शिकवलं होतं. दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. दोघं मिळून गावोगावची जाम झालेली अवजारं सोडवत. दादा मागे पात्यांपाशी बसायचा आणि हा पुढे, ट्रॅक्टरच्या सीटवर. एकमेकांना दिसत नसत, आणि इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नसे. म्हणून दादा हातोडीने लोखंडावर ठोकायचा. ते सीटपर्यंत जाणवायचं. एक ठोका म्हणजे फिरव. दोन म्हणजे थांब, हात आत आहे.

त्याने पाईपवर पुन्हा पकड घेतली.

ठक ठक.

मागून आलं. त्याचे हात आपोआप सुटले.

तापलेलं लोखंड गार होताना वाजतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण ते आपल्या मर्जीने वाजतं, कधी इथे, कधी तिथे. हे दोन ठोके हिशेबी होते. तो वळसा घालून मागे गेला. मागे कुणी नव्हतं. पात्यांवर कोळ्यांची जाळी होती, खाली सुकलेली माती होती. स्वयंपाकघरातून भांडी विसळल्याचा आवाज येत होता.

“म्हातारा झालास,” तो स्वतःला म्हणाला आणि पुढे आला. हातोडी पायाशी ठेवून त्याने पाईप धरला.

ठक ठक.

या वेळी तो मागे गेला नाही. घाम पुसायला रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरून उभा राहिला.

वहिनी चहा घेऊन आली. कप ठोकळ्यावर ठेवताना तिने पाईपकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“वहिनी, आत्ता तुम्ही मागे आला होतात का?”

“मी? भांडी कोण घासत होतं मग?”

“आवाज आला.”

“दोन ना?” ती म्हणाली. “त्या तिघांनाही आले. पाईपला जोर लावला की येतात. त्यांना दोनचा अर्थ माहीत नव्हता, तरी पळाले.”

त्याने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“हे गेले त्या दिवशीही दोनच होते, भावजी. मी चुलीपाशी होते. मला आत ऐकू आले होते.”

अकरा वर्षं तो एकच वाक्य सांगत आला होता. पंचांसमोर, पोलिसांसमोर, पुतणीसमोर, आरशासमोर. ठोका एकच आला, म्हणून मी पाती फिरवायचा दांडा टाकला. वहिनी तेव्हाही समोर बसलेली होती आणि तिने ते ऐकून घेतलं होतं. तिच्या त्या गप्प बसण्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत आली होती.

“दोनच होते,” तो म्हणाला. “त्या दिवशी दादा सकाळपासून माझ्या मागे लागला होता, लवकर आटप, लवकर आटप. मला वाटलं, घाई करतोय. एकच ठोका दोनदा मारतोय. फिरव, फिरव.”

पदराचं टोक वहिनीने बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं.

“एकदा विचारायचं होतं तुम्ही.”

“हो.”

“सीटवरून उतरून, एकदा.”

“हो, वहिनी.”

त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. इतकी वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी जागचं हललं, आणि ते दुखलं.

वहिनी उठली. “पोर संध्याकाळी येईल. तिला हे फिरताना दिसू दे. मी मागे बसते.”

“तुम्ही कशाला? पाती आहेत तिथे.”

“म्हणूनच बसते. मी ठोकेन, मग ओढा. आणि आज विचारा.”

ती वळसा घालून गेली. झाकणाआड दिसेनाशी झाली. ती खाली बसल्याचा, बांगड्या मागे सारल्याचा आवाज आला. त्याने पाईप धरला. सोडून तळवे विजारीला पुसले आणि पुन्हा धरला.

ठक.

एकच. तो थांबला. दुसरा येतो का म्हणून कान देऊन उभा राहिला. दुसरा आला नाही.

“वहिनी, हात बाहेर आहे ना?”

“बाहेर आहे,” मागून ती म्हणाली. “आणि ठोकायला जरा ती हातोडी द्या इकडे, भावजी. तुमच्याकडेच राहिली.”

त्याने खाली पाहिलं. हातोडी त्याच्या पायाशी होती.

त्याने पाईप ओढला. फार जोर लावावा लागला नाही.