क्लचपलीकडची जागा

क्लच दाबला की निंबाळकरबाईंची लाल गाडी हातभर लांब व्हायची. त्याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती. जुनी विलायती दोन सीटची गाडी, तिचे एवढे लाड पुरवायचेच, असं त्यांचं मत होतं. तक्रार होती आवाजाची. पेडलवर पाय ठेवला की कुठूनतरी कुईंऽ असं यायचं आणि भर रस्त्यात बाईंचा सगळा डौल धुळीला मिळायचा.

"लांब होऊ दे की," त्या जोतीरामला म्हणाल्या, "पण बोंबलत कशाला?"

उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात जोतीराम सुतार आणि त्याची बायको कमल, दोघंच. तो गाडीत डोकं खुपसायचा, ती सीटवर बसून पेडल मारायची. तो "दाब" म्हणाला की दाबायचं, "सोड" म्हणाला की सोडायचं. इतक्या वर्षांचा संसार या दोन शब्दांवर बिनबोभाट चालला होता. मध्ये "का" कधी आला नव्हता.

तो पेडलखाली वाकला. "दाब." कमलनं दाबलं. कुईं झालं आणि पेडलच्या पलीकडची जागा लांबत गेली. आवाज तिच्या पार टोकाला जाऊन बसला. जोतीरामनं आत हात घालून एक पाना ठेवून पाहिला आणि म्हणाला, "सोड." जागा आखडली. पाना बाहेर काढला तर तो नाकातल्या चमकीएवढा झाला होता. कमलनं तो तळहातावर घेऊन उजेडात धरला.

"अवो, तुमी नगा जाऊ आत."

"गेल्याबिगर आवाज कसा गावंल? तू दाबून धर. मी पुढं बॉनेटखालनं बाहेर निघतो. बाहेर आलो की सोड म्हणीन. तवर पाय हलवायचा न्हाई."

"बरं."

बॉनेट उघडंच होतं, त्यामुळे सीटवरून पुढचं काही दिसत नव्हतं. शेजारच्या सीटवर निंबाळकरबाई फिरायला निघाल्यासारख्या ऐटीत बसल्या. कमलनं क्लच दाबला आणि जोतीराम ग्रीसचा डबा घेऊन तिच्या पायाशेजारून आत सरपटला.

आत तेलाचा आणि जुन्या कातड्याचा वास होता. दोन्ही बाजूंना लाल पत्रा, खाली रबराची चटई, संपता संपत नव्हती. कमलचा पाय जरा थरथरला की पुढे कुईं व्हायचं आणि त्याला दिशा कळायची. "पाय भरून आला का गं?" त्यानं मागे विचारलं. उत्तर आलं नाही. तो बराच पुढे गेला, दम खाल्ला, कोपरं झाडली, तेव्हा कुठे "न्हाई" मागून येऊन पोचलं. इथे बोलणंसुद्धा रांगतच जात होतं. त्यानं ते ध्यानात ठेवलं आणि पुढे निघाला.

आवाज सापडला. क्लच मागेपुढे सरकवणाऱ्या फोर्कची पिन कोरडी ठणठणीत होती. त्यानं बोटानं ग्रीस भरलं. कुईं थांबलं. जोतीरामला फार बरं वाटलं. आवाज सापडला की त्याला नेहमीच एवढं बरं वाटायचं की दुसरं काही सुचायचं नाही. ग्रीस भरलं की एकदा सोडून, परत दाबून बघायचं, ही त्याची रीत.

"सोड," तो म्हणाला.

म्हणाला आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. शब्द निघून गेला होता.

पुढे बॉनेटचा उजेड कुठेच दिसत नव्हता. मागे, खूप लांब, पेडलवरचं कमलचं पाऊल तेवढं दिसत होतं. ओरडून उपयोग नव्हता. दुसरा शब्द पहिल्याच्या मागूनच गेला असता. आता शब्दाच्या आधी तिथे पोचायचं, एवढंच उरलं होतं. तो वळून सरपटू लागला. तो घाबरला होता. मरण आलं तर आलं, पण ते कमलच्या पायानं आणि तेही आपल्याच सांगण्यावरून. मग ती बिचारी जगायची कशी, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

वाटेत त्याला तो शब्द ऐकू आला. जरा पुढे, त्याच्याच आवाजात, अगदी निवांत. "सोड." त्यानं जोर केला. कमलच्या पायातली जोडवी दिसू लागली. शब्द आणि तो एकदमच पोचले.

कमलनं पाय उचलला.

जोतीरामनं दोन्ही हातांनी पेडल आपल्याकडे ओढून धरलं. ते अर्ध्यावर अडलं. वरचा पत्रा पाठीला टेकला. पेडल बघता बघता परातीएवढं मोठं झालं.

"कमल!" तो ओरडला. "दाब! कमल, दाब!"

"ऐका हो," वरून निंबाळकरबाईंचा आवाज आला. "मोठा आवाज गेला, पण बारीकसं काहीतरी वाजतंय अजून."

"व्हय की," कमल म्हणाली. "आन् पेडल बी पुरतं वर यीना. थांबा, बाहेर आल्यात न्हवं, त्यास्नीच इचारते." तिनं उघड्या बॉनेटकडे तोंड करून हाक मारली, "अवो! आजून वाजतंय. काय करू?"

दोघी उत्तराची वाट बघत राहिल्या. मग निंबाळकरबाईंनी वाकून, पेडल वर उचलायला, एक बोट त्याखाली घातलं.