राखेची जात

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या केतकरबाई नवाच्या एस.टी.नं उत्रोलीला येणार होत्या आणि नववीतल्या अंजनाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते! बाईंना हवी होती भाताच्या तुसाची राख. तिच्यातल्या सिलिकापासून त्या चाळणीसारखे जाळीदार खडे बनवत. त्यांच्या बारीक भोकांत शिरलं, की एका पदार्थाचा दुसराच होतो म्हणे! राख चांगली निघाली, तर अंजनाला प्रयोगशाळा बघायला मिळणार होती. म्हणून तिनं दोन दिवस धूर खात तूस जाळलं आणि पांढरीफेक राख डब्यात भरली.

आता डबा उघडते तर राख जरा जास्तच मऊ!

"आत्या, डब्याला हात लावलास?"

"भांडी घासली की त्या राखंनं. लई झ्याक निघाली!" फुलाआत्या म्हणाली. "मग चुलीतली भरून ठेवली. राखंला काय जात असती व्हय?"

अंजनानं ओल्या तळव्यावर चिमूट चोळली. तुसाची राख खरखरीत लागते; ही साबणासारखी बुळबुळीत, म्हणजे लाकडाचीच! पण दिसायला पांढरीच होती. गप्प बसलं तर?

तेवढ्यात एस.टी. आली. अंजनानं डबा बाईंपुढं धरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाईंनीही चिमूट चोळून पाहिली. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई. एरवी भांडी मीच घासते की."

बाई खळखळून हसल्या. "मग रविवारी पुण्याला ये. तूसच आण, तिथंच जाळू."

"मी बी येनार," आत्या म्हणाली. "राखंची जात कशी लावत्यात, बघू तरी!"