टेक जरा

चातुर्मासात मी एकभुक्त असते आणि ते एक वेळचं जेवणही मौनात. वाढायची पळी हातात घेतली की बोलणं बंद, ते हात धुऊन कृष्णार्पण म्हणेपर्यंत. मधेच तोंडून शब्द गेला तर ताटावरून उठायचं. सासूबाईंनी दिलेला नियम आहे, मोडावासा वाटत नाही.

गारखेड्यातल्या आमच्या ‘सोबत’ कार्यशाळेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना जगाच्या वेगानं चालता येत नाही अशी मोठी माणसं तिथं राहतात, कापसाच्या वाती वळतात, पाकिटं भरतात. मी त्यांना वाती शिकवते आणि दुपारी त्यांच्याच पंगतीला जेवते.

इंद्रजीत त्यांच्यातलाच. पंचविशीचा, उंचपुरा, गाव देवगाव रंगारी. बोलणं जवळजवळ नाहीच. पण त्याची फुलवात बघावी! निरांजनात ठेवली की ताठ उभी राहते, कलत नाही. वाती वळायला तो आपणहून येतो, सांगावं लागत नाही. आणि असा हा गुणी माणूस खाता-पिता एकाएकी उठायचा, फाटकाकडे धावायचा, कोणी धरलं की चावायचा. ताटं उडायची, चहा सांडायचा. कडूबाईंच्या मनगटावर तर दातांचे वणच होते. कडूबाई आमच्या मदतनीस, माहेर-सासर दोन्ही गंगापूर.

“सोन्याच्या बांगड्या नव्हत्या नशिबात,” त्या हात पुढं करून हसायच्या. “ह्या घातल्या इंद्रानं.”

व्यवस्थापक वैजनाथ सरांना मात्र हसू येत नव्हतं. इतरांचे पालक तक्रार करत होते. संस्थेनं ठरवलं, शनिवारी इंद्रजीतच्या आईला बोलवायचं आणि त्याला कायमचं घरी पाठवायचं.

घरी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. त्याची आई द्वारकाबाई दिवसभर शेतात. एकटा राहिला की इंद्रा रस्त्यावर येई, एकदा तर कन्नडला सापडला. तेव्हापासून त्या जाताना दाराला बाहेरून कडी लावत. इथं वाती, तिथं कडी. मी रोज देवापुढं एवढंच मागत होते, की हा कडीआड जाऊ नये.

त्याच आठवड्यात आमचं प्रशिक्षण होतं. विषय फळ्यावर लिहिलेला: ‘आव्हानात्मक वर्तन आणि सकारात्मक आधार’. शिकवायला चारुता मॅडम आल्या होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “ज्याला शब्द नाहीत, तो वागण्यातून बोलतो. चावणं हेही बोलणंच आहे.”

“मग आमचे मालक लई बोलतेत म्हणायचं,” कडूबाई म्हणाल्या आणि वर्ग हसून लोळला.

मॅडमही हसल्या. “तेच तर. मालक चिडले की आपण विचारतो ना, चिडायच्या आधी काय झालं? इंद्रजीतच्या बाबतीत कोणी विचारलं?”

 कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवत म्हणालं, “दुपारी तो उठत नाही. उमाताईंच्या शेजारी असतो ना, कोपऱ्यातल्या पाटावर. त्याच वाढतात त्याला.”

“ताईचं पुण्य हाय ते,” कडूबाईंनी लगेच हात जोडले. “एवढं कडक व्रत! भूतबी शांत बसंल, हे तर लेकरू हाय.”

“लेकरू नाही, पंचविशीचा माणूस आहे,” मॅडम म्हणाल्या, पण गोड आवाजात.

खोटं कशाला सांगू, पुण्याची गोष्ट ऐकून मला बरं वाटलं. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वळल्या. “ताई, संध्याकाळचा चहा कोण देतं त्याला?”

“मीच देते.”

“आणि तेव्हा?”

परवाच त्यानं माझ्या हातातला कप उडवला होता. मला सांगावंच लागलं.

“पुण्य मला मान्य आहे,” मॅडम हलकेच म्हणाल्या. “पण ते संध्याकाळी सुट्टीवर जात नसेल. हात तेच, माणसं तीच. दुपारी आणि संध्याकाळी फरक कशाचा?”

मी म्हटलं, “दुपारी मी बोलत नाही.”

“मग संध्याकाळी काय बोलता, ते करून दाखवा. कडूबाई, तुम्ही इंद्रजीत व्हा.”

कडूबाई पाय पसरून खुर्चीत बसल्या, मान तिरकी केली, हुबेहूब इंद्रा. मी रिकामा कप पुढं केला. “ये इंद्रा. बस. चहा घे. बिस्कीट देऊ? आणखी? बस?”

“मी नाय चावणार,” कडूबाई म्हणाल्या. “इतकं गोड बोलल्यावर कोण चावंल?”

“ताई फार हळू बोलतात, त्याला ऐकू येत नसेल,” वैजनाथ सर म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. “ऐकू येतंय, सर. काय ऐकू येतंय, ते आपल्याला कळत नाहीये. घरच्यांना कळत असेल. आई शनिवारी येतायत ना? मी थांबते.”

शनिवारी द्वारकाबाई आल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर, तोंड उतरलेलं. दाराशी इंद्राची बॅग भरून ठेवलेली होती, ती त्यांना आधी दिसली.  इंद्रा धावत आला तसा त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“आला का माझा राजा! टेक, टेक जरा हितं.”

इंद्रा मुकाट्यानं त्यांच्या पायाशी टेकला. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. त्यानं एक खाल्ला, दुसरा खाल्ला.

“पुरं का?”

“पुरं,” इंद्रा म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. हा बोलतो?

द्वारकाबाई संकोचून सरांना म्हणाल्या, “माफ करा साहेब, यायला उशीर झाला. आज बसच...”

पुढचं वाक्य राहूनच गेलं. इंद्रानं आईची पिशवी उचलली, लाडूंसकट, आणि थेट फाटकापाशी. तिथं उभा राहून तो रस्त्याकडे बघायला लागला, मान उंच करून.

सरांनी कपाळाला हात लावला. “बघा! हेच, हेच करतो तो!”

द्वारकाबाई मात्र हसत होत्या. “अवो साहेब, आमचं घर एसटीच्या थांब्याला लागून. कोणी बस म्हणलं की आमी समदे पिशव्या उचलून पळतो. ती थांबतीय व्हय कोणासाठी? बारका असल्यापासून त्याचं एकच काम, पहिलं पळायचं आन् हात दाखवायचा.”

 चारुता मॅडम खुर्चीवरून पुढं सरकल्या. “आई, त्याला खाली बसवायचं तर घरी काय म्हणता?”

“टेक म्हणतो की.”

“आणि वाढताना, बस का, असं?”

“नाय, पुरं का म्हणतो. बस म्हणजे गाडीच.”

 मग कडूबाईंनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. “आगं बया! माझ्या गंगापुरातबी पुरंच म्हणतेत की! सर, तुमीच म्हणले होते, संस्थेत शुद्ध बोला. म्हणून आमी आपलं दिवसभर बस, बस, बस!”

“आणि तो दिवसभर गाडी पकडायला धावतोय,” मॅडम म्हणाल्या.

सरांना ते पटकन पचेना. “एका शब्दापायी माणूस चावतो का, मॅडम?”

“सर, समजा तुम्हाला कोणी हाक मारली, गाडी आली! तुम्ही जेवण टाकून धावलात. आणि फाटकात चार जणांनी मिठी मारून धरलं. रोज, येता-जाता. तुम्ही काय केलं असतं?”

“मी चावलो नसतो.”

“शिव्या दिल्या असत्या,” कडूबाई पुटपुटल्या. पुटपुटणं सगळ्यांना ऐकू गेलं.

सरांनी भरलेल्या बॅगेकडे बघितलं, मग फाटकापाशी अजून वाट बघत असलेल्या इंद्राकडे. “ठीक आहे. आजचं जेवण माझ्यासमोर होऊ द्या. नीट पार पडलं तर राहील. नाही तर बॅग तयारच आहे.”

द्वारकाबाईंनी त्याला हाताला धरून आणलं. पंगत मांडली. इंद्रा माझ्या शेजारी होताच, पण त्याला वाढायला कडूबाई. माझी पळी मी हातात घेतली, डोळे मिटून देवाला म्हटलं, आज सांभाळ, आणि तोंड बंद केलं.

कडूबाईंनी भाजी वाढली, पोळी वाढली. “इंद्रा, भात देऊ? पुरं?”

इंद्रा विचारात पडला. “भात,” म्हणाला. थोड्या वेळानं हात आडवा धरून, “पुरं.” आणि जेवत राहिला. निवांत, बोटं चाटत. मी दोन घास घेतले असतील, डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या रांगेच्या टोकाला सर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं व्यवस्थापकपण गेलं, आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली.

“बस, बस! मान्य! एकदम मान्य!”

इंद्रा ताडकन उठला.

सरांनी जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. कडूबाईंच्या दोन्ही हातांत उकळत्या वरणाचं पातेलं. मॅडम हॉलच्या दुसऱ्या टोकाला. द्वारकाबाई बाहेर नळावर. दोघं मदतनीस सवयीनं दाराकडे धावले, त्याला धरायला. आता धरतील आणि मग काय होईल, ते मला दिसत होतं. दारातली बॅगही दिसत होती.

“इंद्रा,” मी म्हटलं. “टेक.”

तो थबकला. माझ्याकडे वळून बघितलं. पंगतीत माझा आवाज त्यानं चातुर्मास लागल्यापासून पहिल्यांदाच ऐकला असेल. दाराकडे एकदा बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आणि टेकला. भातात हात घातला.

 मग कडूबाईंना उमगलं. “ताई! अवो, तुमी बोलल्या! दोनच घास तर झालते!”

मी ताटाला नमस्कार केला आणि उठले. मन कुरकुरलं नाही. उलट सासूबाई असत्या तर त्यांनी काय म्हटलं असतं, याचा विचार करताना मला हसूच येत होतं. पाऊल उचललं, तर पदर ओढला गेला. इंद्रानं भाताच्या हातानं माझा पदर धरला होता.

“टेक,” तो मला म्हणाला. जरा रागावूनच.

नियम ताटावरून उठायचा होता, पंगतीतून नाही. मी ताट बाजूला सारलं आणि त्याच्या शेजारी टेकले, त्याचं जेवण होईपर्यंत.

दारातली बॅग सरांनी स्वतः उचलली. अर्धे कपडे खोलीत परत ठेवले, अर्धे राहू दिले, कारण मॅडम म्हणाल्या, “गाडीत बसायची त्याची हौस खरी आहे, तीही पुरवायला हवी. रविवार घरी जाऊ दे. सोमवारी आई सोडतील.” भिंतीवर लाल एसटीचं चित्र लावायचं ठरलं. त्याला जायचं असेल तेव्हा त्यानं ते दाखवायचं, आणि केव्हा जायचं ते आम्ही त्याला सांगायचं. बस हा शब्द संस्थेत फक्त खऱ्या बसला. सरांना ते सगळ्यात जड जाणार होतं, त्यांच्या प्रत्येक वाक्याचा शेवट त्यानंच होतो.

द्वारकाबाई निघताना माझ्या पायाशी वाकायला लागल्या. मी त्यांना अर्ध्यातच धरलं. “अवो, व्रत मोडलं माझ्या पोरापायी,” त्या म्हणाल्या.

“मागितलं होतं ते मिळालं, द्वारकाबाई. उद्या पुन्हा सुरू.”

“आन् आज उपाशी?” कडूबाईंनी विचारलं.

“पुरं झालंय,” मी म्हटलं, तशा त्या पोट धरून हसायला लागल्या.

फाटकात रिक्षा आली, बसस्टँडपर्यंत न्यायला. इंद्रा अजून खोलीत त्याच्या वातींची टोपली झाकून ठेवत होता. सोमवारी लागणार होती ना. वैजनाथ सर फाटक सताड उघडून उभे राहिले. माझ्याकडे, मग मॅडमकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. आणि सगळ्या गारखेड्याला ऐकू जाईल असे ओरडले,

“इंद्रजीत! बस!”

तो बॅग उचलून असा सुटला की पायातली एक चप्पल मागंच राहिली. कोणी धरलं नाही. कडूबाई ती चप्पल घेऊन त्याच्यामागं धावत होत्या, “पळ, राजा, पळ! ती थांबतीय व्हय!”