काजाचं काम

कोकिळाचं डोकं एकाच सवालानं फिरलं होतं. गंगाखेडात ज्या शिंप्याच्या दुकानाची पायरी चढावी, तो आधी तेच विचारी. तजुर्बा हाय का? आता कुणी कामच देईना, तर तजुर्बा काय आभाळातून पडणार होता? पण शिंप्याला हे कोण सांगणार!

तिचं मागणं काही जगावेगळं नव्हतं. शाळेच्या सदऱ्यांचा गठ्ठा घरी न्यायचा, काजं करायची, बटणं लावायची आणि एस.टी.नं परत धाडायचा. काजं ती माहेरी काकाच्या मशीनपाशी बसून शिकली होती, पण तेवढंच. दिवाळीच्या तोंडावर मुकादमाचा ट्रक आला की सगळं घर ऊसतोडीला निघे. ती, नवरा आसाराम, सासू धुरपदाबाई आणि पोरगी मालन. त्यापायी मालनची तिसरी काही सुटत नव्हती. यंदा कोकिळानं हट्टच धरला, तसा आसाराम म्हणाला, "घरी बसून कमावणारं माणूस असंल तर पोरगी राहील त्याच्यापाशी. मी तुझ्या जागी चुलतभावासंग कोयता धरीन. पण फुकट कुणी बसायचं न्हाई."

मग सुरू झाल्या खेपा. एक शिंपी म्हणाला, ओळखीचं माणूस आण. दुसरा म्हणाला, वर्षभर दुकानात बस, हात बसला की घरी ने. अरे, वर्षभर दुकानात बसता आलं असतं तर ही बाई घरचं काम मागायला आली असती कशाला? पुढच्या खेपेला नामांतराचा बंद निघाला. दुपारपर्यंत फाट्यावर उभी राहून ती पायी घरी आली, आणि चुलीपुढं बसून तिनं सगळ्या शिंप्यांचा उद्धार केला.

शेवटी रंगनाथ शिंपी तिच्या चिकाटीला वैतागला. काजासाठी चिरा पाडलेले दोन पांढरे सदरे त्यानं पुढ्यात टाकले आणि उद्या करून आण, मग बघू म्हणाला. कोकिळा हरखली. सासूला मात्र ती काही बोलली नाही, कारण धुरपदाबाईच्या कानावर गेलं की काम लागायच्या आधीच गावभर झालं असतं. सदरे फडताळात ठेवून ती विहिरीवर गेली.

पाणी घेऊन येते तर सासू दारात बसलेली, मांडीवर सदरा. चीर एकही उरली नव्हती.

"किती गं फाटलं होतं," धुरपदाबाई म्हणाली. "फसीवलं तुला दुकानदारानं. मालनकडून दोरा ओवून घेतला अन् बुजवून टाकलं सगळं."

कोकिळाची घागर कंबरेवरच राहिली. म्हातारीनं जन्मभर फाटकं सांधलेलं. भोक दिसलं की तिचा हात थांबणार थोडाच! रागवावं तर तिनं मायेनंच केलेलं. कोकिळानं टाके उसवायला घेतले, पण टाका कुठं आहे तेच सापडेना. मग मात्र तिला रडू आलं.

सकाळी तिनं सदरे रंगनाथपुढं ठेवले आणि झालं ते सरळ सांगून टाकलं. तो ओरडेल म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. रंगनाथ ओरडला नाही. त्यानं सदरा उजेडात धरला, अंगठा फिरवला, उलटा करून पाहिला. त्याचा रफूवाला नांदेडला निघून गेला होता, आणि कारखान्यातल्या साहेबलोकांच्या जळक्या-फाटक्या पँटींचा ढीग कोपऱ्यात पडून होता. तो ढीग त्यानं गठुड्यात बांधला आणि म्हणाला, हे सासूबाईला दे, दर आठवड्याला गाडीनं धाडत जाईन. तजुर्ब्याचं नावसुद्धा काढलं नाही बाबानं!

"अन् माझं काम?" कोकिळानं विचारलं.

"तुझा हात मला दिसला कुठं, बाई? ह्यात समदा त्यांचाच हात हाय."

तिनं आणखी दोन सदरे मागितले. तो म्हणाला, आता दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर ती कुठं असणार होती, हे त्याला काय माहीत.

घरी आसारामनं आपला शब्द पाळला. कमावणारं माणूस सापडलं होतं. धुरपदाबाई खुशीत म्हणाली की मालनला ठेवाच, मला सुईचं नेढं दिसत नाही, शाळेतून आली की दोरा ओवून देईल. पोरीची शाळा वाचली. नवऱ्यासंग तोडीला जायचं ते आता कोकिळानंच. कोकिळाला जे पाहिजे होतं ते अगदी तसंच्या तसं झालं होतं, आता बोलायला तोंड तरी कुठं होतं? म्हणूनच तिचा जीव जास्त जळत होता.

ट्रक आला. सामान चढलं. कोकिळानं ट्रकवरून पोरीला हाक मारली. मालन उंबऱ्यावर बसली होती, एक डोळा मिटून, सुई उजेडाला धरून.

"थांब गं माय," ती मान वर न करता म्हणाली, "एवढा दोरा ओवते अन् आलेच."

ट्रकवाल्याला कुठला दम निघतोय. त्यानं गाडी काढली.