जिन्याने जाणारा लिफ्टवाला

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूसच जिन्याने वर जायला लागला, तर इमारतीतल्या लोकांनी काय समजायचं? या लिफ्टवाल्याला हा साधा प्रश्न सुचला नाही, कारण त्या दिवसांत त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

वय चोपन्न. तीस वर्षं एकाच कंपनीत, आणि शहरातल्या साठेक इमारतींच्या लिफ्टा त्याच्या हाताखालच्या. नुसत्या आवाजावरून कुठली दोरी ताणली गेलीय आणि कुठलं चाक कोरडं पडलंय हे सांगणारा माणूस. म्हणून तर साहेबांनी त्याला बढती दिली होती. पुढच्या महिन्यापासून खुर्ची, टेबल आणि फोन. तळातल्या खड्ड्यात उतरणं बंद, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढणं बंद, दुसऱ्यांना पाठवायचं आणि आपण बसायचं. साहेबांनी पाठीवर थाप मारली. बायको म्हणाली की बरं झालं, ग्रीसचे कपडे घासायचे वाचले. सगळे खूश होते. ह्यालाच तेवढी चैन पडेना. जेवायला बसला की टेबलाखाली पाय हलायचे, टीव्हीपुढे बसला की उठून खिडकी उघडायचा आणि परत लावायचा. बायकोने दोनदा विचारलं की काय होतंय, तर म्हणे, कुठं काय.

त्याच आठवड्यात तो एका चौदा मजली इमारतीच्या गच्चीवर मशीन बघायला गेला. दोन दिवस सुटलेल्या वाऱ्याने हवा स्वच्छ झाली होती, आणि समोर डोंगराची अख्खी रांग दिसत होती. खिंडीची खाच, तिच्या डावीकडचा बोडका माथा, सगळं. डोंगर काही रातोरात उगवला नव्हता. हाच बावीस वर्षं तिकडे पाठ करून स्क्रू पिळत होता. पाना हातात धरून तो किती वेळ उभा राहिला कोण जाणे. खालून तीनदा फोन आला तेव्हा भानावर आला.

बावीस वर्षांपूर्वी त्याच्या पायाला भिंगरी होती. महिन्यातले दोन शनिवार-रविवार पाठीवर तंबू, दोर आणि स्टोव्ह घेऊन तो त्या रांगेत असायचा. बायकोही तिथेच भेटलेली. लग्नानंतर दोघं जोडीने जायची. मग एकदा खिंडीच्या पलीकडे उतरताना, सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर, तिचा पाय सटकला आणि घोटा तीन ठिकाणी मोडला. त्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि दोन तास चालून रस्त्यावर आणलं. पाय जुळला, पण जरा वाकडाच जुळला. ती तेव्हापासून थोडी लंगडते. आणि तो तेव्हापासून डोंगराकडे फिरकला नाही. कोणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, तिला घरी ठेवून मी एकटा कसा जाऊ? लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. सासूबाई तर दुसऱ्या जावयाला त्याचे दाखले द्यायच्या आणि तो जावई बिचारा मान खाली घालून ऐकायचा. हे चाललेलं असताना बायको कधी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. उठून पाणी आणायला जायची.

आता खुर्ची चिकटायच्या आत एकदा, एकदाच, खिंड ओलांडून यायची असं त्याने ठरवलं. पण सांगायचं कुठल्या तोंडाने? बावीस वर्षं जिच्यासाठी थांबलो म्हणून सांगितलं, ती तर अजून लंगडतेच आहे. मग थांबणं संपलं कसं? तेव्हा त्याने आपली लपूनछपून तयारी सुरू केली. माळ्यावरची जुनी सॅक कामाच्या गाडीत नेऊन टाकली. लिफ्ट किती भार पेलते हे बघायला कंपनी वीस-वीस किलोची लोखंडी वजनं वापरते, त्यातलं एक तो फडक्यात गुंडाळून सॅकमध्ये ठेवायचा. नऊ मजल्यांच्या एका इमारतीत दोन-तीन आठवड्यांचं काम चालू होतं. तिथलं दिवसाचं काम संपलं, तपासणीच्या कागदावर सही झाली, की सॅक पाठीवर मारून तो जिना चढायला लागायचा. वर, खाली, पुन्हा वर. पहिल्या दिवशी पाचव्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. आठव्या दिवशी गुडघा कुरकुरायला लागला.

गुडघ्याला मलम हवं, तर बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर कामाला. घरातलीच औषधवाली सोडून हा दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून मलम घ्यायचा, गाडीत बसून चोळायचा आणि घरी येऊन लांब बसायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ते हेच. दिवसभर मलमांच्या वासात उभ्या राहणाऱ्या बाईला कुठलं मलम कुठल्या दुखण्याचं हे काय सांगायला हवं? पण ती बोलली नाही.

बोभाटा झाला तो त्या नऊ मजली इमारतीत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी पाहिलं की लिफ्टची तपासणी करून, सही ठोकून, लिफ्टवाला स्वतः मात्र घामाने निथळत जिन्याने चाललाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीत झालं की लिफ्टमध्ये काहीतरी गडबड आहे आणि कंपनी लपवतेय. ज्याने केली त्यालाच भरवसा नाही, तर आपण कशाला जीव धोक्यात घालायचा! लोक जिन्याने जायला लागले. सातव्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक चार दिवस घरात अडकून पडले, आणि पाचव्या दिवशी त्यांनी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं.

साहेबांनी त्याला फोन लावला, पण तो कुठल्याशा खड्ड्यात, रेंज नाही. मग त्यांनी घरी लावला. बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. साहेबांनी सगळं सविस्तर सांगितलं, गाडीत लोखंड भरलेली सॅक सापडली तेही सांगितलं, आणि काळजीच्या सुरात विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

संध्याकाळी तो आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. तिने बसायलाही सांगितलं नाही.

"डोंगरावर जायचंय?"

त्याने आधी इकडचं तिकडचं सांगून पाहिलं, मग मान हलवली. आणि मग, चोर तो चोर वर शिरजोर, आवाज चढवून म्हणाला, "बावीस वर्षं तुझ्यासाठी थांबलो. एकदा जावंसं वाटलं तर काय बिघडलं?"

तिच्या काहीतरी ओठांवर आलं होतं ते तिने गिळलं, हे त्यालाही दिसलं.

"माझ्यासाठी थांबलास," ती म्हणाली. "बरं. मग आता माझ्यासाठी जा."

भांडण झालं असतं तर बरं होतं, निदान दार आपटून निघता आलं असतं. तूही चल असं तो चाचरत म्हणाला, तर तिने सांगितलं की तिला आठ तास काउंटरवर उभं राहायचं असतं, तेवढं पायांना पुरे. शुक्रवारी तिने गुडघ्याचा पट्टा आणून टेबलावर ठेवला. कुठल्या मापाचा लागेल हेही विचारलं नव्हतं, आणि तो बरोब्बर बसला.

शनिवारी पहाटेच्या बसने तो पायथ्याला उतरला. जिन्यांनी आपलं काम केलं होतं, चढ त्याला जड गेला नाही. पण ज्या समाधानासाठी आलो ते कुठे भेटेना. थांबलं की पुढे जावंसं वाटायचं, पुढे गेलं की का आलो असं वाटायचं. झरा जुन्याच जागी होता, पाणीही तितकंच गार होतं, पण दोन घोट पिऊन तो निघाला. संध्याकाळी खिंडीच्या अलीकडे तंबू लावला आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. माझ्यासाठी जा, म्हणाली. म्हणजे काय?

सकाळी नऊच्या सुमाराला तो खिंड ओलांडून पलीकडे आला आणि घसाऱ्याच्या तोंडाशी थांबला. दोनशे पावलांचा उतार. सुटे करडे दगड, मधून गेलेली पायवाट, खाली झाडी. बघायला गेलं तर काही विशेष नाही, शाळेच्या सहली उतरतात.

त्याने पाऊल उचललं आणि परत जागेवर ठेवलं.

बुटाची नाडी ढिली असेल म्हणून सोडून बांधली. मग दुसऱ्या बुटाची बांधली. भूक लागली असेल म्हणून पाव खाल्ला. गुडघ्याचा पट्टा काढून पुन्हा चढवला. मग कड्याकडेने दुसरी वाट सापडते का बघायला गेला आणि ती नाही हे चांगलं माहीत असताना अर्धा तास हिंडून परत आला. सॅक उतरवली, चढवली. सव्वादहा झाले. ऊन चढलं. आता चार लोकांत सांगायला काहीतरी कारण हवं होतं, आणि इथे पुढे करायला बायको नव्हती.

तेव्हा त्याला कळलं, आणि एकदा कळल्यावर ते पुन्हा झाकता येईना. तिचा पाय मोडला त्या दिवशी तो घाबरला होता. असा घाबरला होता की पुन्हा या दगडांवर पाय ठेवायची छातीच झाली नाही. तिच्या पायाने त्याला थांबवलं नव्हतं. त्याने तो पाय बावीस वर्षं लोकांपुढे धरला आणि आपण मागे लपला. वर चांगला नवरा म्हणून मिरवूनही घेतलं, तिच्या देखत. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने फोन काढला.

खिंडीत फोनला रेंज होती. तिने तिसऱ्या घंटेला उचलला. दुकानात गिऱ्हाईक होतं, थांब म्हणाली. जेवणानंतर, दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी नाही, असं कोणालातरी समजावून झालं आणि मग ती बोलायला आली.

"पोचलास?"

"घसाऱ्यावर आहे." "ऐक. तुझ्या पायामुळे नाही. मी घाबरलो होतो. तेव्हापासून. तुला उगाच पुढे केलं."

मागे दुकानाचं दार उघडून मिटल्याचं ऐकू आलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी तुझ्या पाठीवर होते ना, माझे हात तुझ्या छातीवर होते. दोन तास. रस्ता लागला, सपाटी आली, गाडीही थांबली, तरी धडधड कमी होईना. ते काय माझ्या वजनाने होत होतं?"

त्याने विचारलं की इतकी वर्षं बोलली का नाहीस.

"बोलले असते तर मला दाखवायला म्हणून दुसऱ्याच दिवशी गेला असतास. आणि पडला असतास." "पण आईने तुझं कौतुक केलं ना, की मला राग यायचा. फार यायचा. पाणी आणायला म्हणून आत जायचे आणि भांडी आपटायचे. तुला वाटायचं हातातून पडली."

"आता काय करू?"

"आता खाली ये," ती म्हणाली. "उभ्याने जमत नसेल तर बसून घसरत उतर. लाज कसली त्यात? आणि मला सगळं सांगत सांगत उतर, गिऱ्हाईक आलं तर थांब म्हणून सांगेन."

त्याने फोन स्पीकरवर लावून खिशात ठेवला, सॅक पोटाशी घेतली आणि बसला. मग दोन्ही हात मागे टेकून, चोपन्न वर्षांचा तो माणूस, हातभर खाली सरकला.

"सरकलो," तो म्हणाला.

"ऐकतेय," ती म्हणाली. "पुढे."