भाईदासची मूठ

चौथी मूठ कोणाची, यावरून सुगंधाबाईच्या घरात भांडण लागलं.

श्रावणातला शनिवार. कानबाई देवीच्या रोटांचा दिवस. घरातल्या दर पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ काढायची, दळायची, आणि त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही. सुपात पहिली मूठ पडली झुलालनानांची, म्हणजे सुगंधाबाईच्या दिराची. दुसरी त्यांच्या मुलाची, कौतिकची. तिसरी सुगंधाबाईच्या थोरल्याची, हिलालची. मग सुगंधाबाईनं पुन्हा कोठीत हात घातला, मूठ भरून वर काढली, आणि झुलालनानांनी सुपावर आपला हात आडवा धरला.

"वहिनी, हाई मूठ कोनी?"

"भाईदासनी."

"त्याले जाईसन वरीस भरत वनं. कानबाईले जित्ता मानूसना रोट लागस, मरेलना नहीं."

"मरेल कोन म्हने? रोज दिवा लागना का तो घरमा बोलस. इचारा हिलालले."

सगळ्यांनी हिलालकडं पाहिलं. तो नुकताच कोळपं सोडून आला होता. पिंढऱ्यांना काळी माती, हातात बैलाचं दावं.

मूठ तशीच अधांतरी राहू द्या. आधी मागचं सांगायला हवं.

बाप गेला तेव्हा हिलाल चौथीत होता. त्याला शाळेतून काढून औताला जुंपलं, म्हणून धाकट्या भाईदासला धुळ्याच्या इंग्रजी शाळेत घालता आलं. याचं हिलालला वाईट वाटलं नाही, असं कोणी म्हणू नये. वाटलं. पण भाईदास मनानं उमदा. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आला की हिलाल शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायचा आणि भाईदास बांधावर बसून त्याला इंग्रजी शिकवायचा. एक पऱ्हाटी, एक शब्द. मुळं सैल व्हायची, शब्द मात्र घट्ट बसायचे. अशा दोन सुट्या गेल्या आणि दोघं भाऊ समुद्रातल्या बोटीच्या धड्यापर्यंत आले. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. गिरणेचा पूर तेवढा पाहिला होता.

मग आश्विनात मानमोडीचा ताप आला. गावोगाव माणसं मोडून पडली. धुळ्याहून निरोप आला, तेव्हा हिलाल आणि झुलालनाना गाडी जुंपून निघाले. पोचले तेव्हा राख निवत आली होती. मायनं मुलाचं तोंड पाहिलं नाही. तिच्या हाती आली एक वळकटी आणि ते पुस्तक.

दिवस झाले, बारावं झालं. सुगंधाबाई रडली नाही. एके दिवशी दिवेलागणीला हिलालनं पुस्तक उघडलं आणि बोटीचा धडा वाचला. भाईदास वाक्याच्या शेवटी आवाज थोडा वर न्यायचा, लांबून कुणाला हाक मारावी तसा. हिलालच्या तोंडून तसंच आलं, आपोआप. सुगंधाबाईच्या हातातला केरसुणीचा फराटा थांबला. ती उंबऱ्याला टेकून ऐकत राहिली.

तेव्हापासून रोज.

पुढचा धडा उघडला की ती म्हणायची, "हाई नको. तेच वाच." हिलाल तेच वाचायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अखाजी गेली, बोट होती तिथंच. एरंडोलला इंग्रजीचे एक जुने मास्तर होते, ते बाजाराच्या दिवशी त्याला अडले शब्द सांगायचे. पहिल्यांदा त्यांनी तोच धडा ऐकून शाबासकी दिली. नंतर विचारू लागले, पुढचं काय आणलंस? मी म्हातारा झालो, एकच धडा ऐकायला मला वेळ नाही. हिलाल लाजून बाजाराला वेगळ्या वाटेनं जाऊ लागला. गावातला टवाळ छगन पारावरून विचारी, "काय साहेब, इंग्रजी बोलीसन कपाशीले बोंडे येतस का?" ते हिलाल हसण्यावारी नेई. टोचायचं ते वेगळंच. त्याला शिकायचं होतं. भावासाठी नाही, मायसाठी नाही, त्याला स्वतःला. आणि तो घाण्याच्या बैलासारखा एका जागी फिरत होता.

आता मुठीकडं या.

झुलालनानांचा हात सुपावर, सुगंधाबाईची मूठ हवेत, बोटांच्या फटीतून दोनचार दाणे गळालेले. हिलालची बायको मंजुळाबाई जात्याशी खुंटा धरून बसलेली.

हिलालला तेव्हा कळलं, की मायला मुलगा मिळावा म्हणून आपण वाचत राहिलो आणि त्यानं तिचं रडणं अडून बसलं. दावं खुंटीला अडकवून तो आत गेला, पुस्तक घेऊन आला. दिवसाउजेडी. भिंतीला टेकून त्यानं बोटीचं पान उलटलं आणि पलीकडचा धडा वाचू लागला. वाचला कसला, ठेचकाळला. एका शब्दापाशी थांबला, मागं गेला, पुन्हा थांबला. आवाज वर जाईना. नांगर दगडाला लागावा तसा सगळा खडखडाट.

सुगंधाबाई ऐकत होती. अर्ध्यावर तिनं विचारलं, "हाऊ कोन वाचस?"

"मी, माय. हिलाल."

"भाईदासले हाऊ धडा येत व्हता?"

"येत व्हता. माले शिकाडना ऱ्हाई गया."

झुलालनानांनी आपला हात हळूच मागं घेतला, आता घालायची असेल तर घाल, अशासारखा. सुगंधाबाईनं मूठ कोठीत सोडली. दाणे दाण्यांवर पडल्याचा आवाज झाला. मग ती कोठीला धरून खाली बसली, आणि जे आश्विनात व्हायचं होतं ते श्रावणात झालं. मंजुळाबाईनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं. तीन मुठींचं दळण त्या दिवशी उशिरा झालं.

कानबाई नदीवर बोळवली. त्या दिवसापासून दिवेलागणीला हिलालनं पुस्तक काढलं की सुगंधाबाई उठून गोठ्यात जाते. रागानं नाही. तिच्यापुरतं तिथं ऐकण्यासारखं काही उरलं नाही. हिलालनं एकदा शेतात, कुणी नसताना, बोटीचा धडा म्हणून पाहिला. शब्द सगळे आले. ती हाक आली नाही. दोनदा म्हटला, तिसऱ्यांदा बैलांनी माना वळवून पाहिलं, तेव्हा गप्प झाला. माय एकदा रडून मोकळी झाली. हिलालनं पुन्हा कोळपं धरलं.

पुढच्या बाजाराला तो एरंडोलला मास्तरांच्या ओसरीवर गेला. पुढचा धडा आणलाय म्हणाला. मास्तर खूश झाले, पाय पोटाशी घेऊन ऐकायला बसले. चार ओळींतच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय रे? मागं तुझं वाचणं किती सफाईदार होतं. आता पार बिघडलं."

"ते मना भाऊनं व्हतं, मास्तर," हिलाल म्हणाला. "हाई मनं शे."

मास्तर आणखी पुढं सरकून बसले. बाजारातला गलबला ओसरीपर्यंत येत होता.

"वाच मग," ते म्हणाले.

हिलालनं ओळीवर बोट ठेवलं आणि पहिल्याच शब्दाला अडखळला.