खुर्चीतून उतरवलेली त्सिल्या

हैफाच्या धर्मन्यायालयाबाहेर इन्ना एका जागी बसत नव्हती. उठायची, दाराशी जायची, परत यायची. लग्नाच्या परवानगीसाठी ती यहुदी असल्याचं सिद्ध व्हायला हवं होतं. म्हणजे तिची आई यहुदी, आईची आईही यहुदी. कागद अपुरे पडले होते. ओदेसातल्या तिच्या आजीला, त्सिल्याला, ओळखणारा मी एकटाच उरलो होतो.

"काका, आत गेल्यावर 'वाटतं' म्हणू नका."

"नाही म्हणणार, असं वाटतं."

तिनं कपाळाला हात लावला.

आत तीन रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, बसले होते. मला समोर उभं करून मधल्यानं विचारलं, "त्सिल्या यहुदी होती, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

घाबरलो की मी पुस्तकात शिरतो. "यहुदी म्हणजे मुळात यहुदाच्या वंशातला. त्याच्या आईला, लेआला, तो झाला, तेव्हा ती म्हणाली, आता मी देवाचे आभार मानीन; त्यावरून ते नाव. पण पुढे धर्मग्रंथातलाच मर्दखय बेंजामिनच्या वंशातला असूनही यहुदीच म्हणवला गेला, म्हणजे..."

"आजोबा, हे आम्ही पोरांना शिकवतो. तुम्ही काय पाहिलं?"

शेजारी इन्नाचा पाय सारखा हलत होता.

"मी तेव्हा विद्यार्थी होतो. त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. त्सिल्याला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिच्या नवऱ्यानं आणि मी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला. वळणावर मी खुर्ची भिंतीला धडकवली. तिनं मला शिव्या घातल्या."

"रशियनमध्ये?"

"यिद्दिशमध्ये. आपल्या यहुदी घरांतल्या बोलीत."

"काय म्हणाली?"

माझे कान तापले. "तेवढं राहू द्या."

"तेवढंच हवंय. कळा येताना कुणी उसनी भाषा बोलत नाही."

मी टेबलाकडे बघत यिद्दिशमध्ये म्हणून टाकलं: देव तुला बारा पोरं देवो, बाराही व्हायोलिन शिकोत, आणि राहायला एकच खोली मिळो.

डावीकडचे म्हातारे रब्बी इतका वेळ डोळे मिटून होते. ते हसायला लागले. लेखनिकाला नीट ऐकू गेलं नव्हतं, म्हणून मला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं.

"आणि तेव्हा जन्मली ती हिची आई? नक्की?"

"नक्की. माझ्या भिंतीपलीकडेच वाढली. पुढे हीसुद्धा."

मधले रब्बी लेखनिकाकडे वळले. "लिही, मुलगी यहुदी आहे."

इन्नानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी मात्र उभाच होतो. आता बसायला हरकत नाही, असं कुणी सांगत नव्हतं.